दर्शनी बाजू

पहिला रकाना: इमारतीचं नाव.
गावात विचारलं तर म्हणाले, मुसूची कोठी.
कोण मुसू?
मौलाभाई टेपचं टोक भिंतीला दाबून धरत म्हणाले,
"मुसू म्हंजी मुसूच की बाई. तोफा वतायचा."

फसली बाराशे सातच्या एका कागदात
तो अर्ध्या ओळीत सापडतो:
गास्पार फरासीस, तोपखाना, दुधनाकाठी दहा बिघे.
उरलेली अर्धी ओळ कसरीनं खाल्लीय.

लांबी चौऱ्याण्णव फूट. रुंदी एकेचाळीस.
नदीकडं खिडक्या अकरा, सगळ्या जमिनीपर्यंत उतरलेल्या,
जणू घराला उभ्यानंच पाणी बघायचं होतं.
काळ्या दगडाच्या भिंती, दोन हात जाड;
चुन्यात गूळ, बेलफळ, उडदाचं पीठ.
अजून सांध्यासांध्यांतून मुंग्या हिंडतात.
दोनशे वर्षांपूर्वीच्या गुळाचा पत्ता
कुणी दिला त्यांना?

छप्पर मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.
माळवदांचा हा मुलूख,
माणसं छतावर मिरच्या वाळवतात, खाट टाकून झोपतात,
आणि हे, पाल चढली तरी घसरेल असं उभं,
शहाबादीचे पातळ तुकडे माशाच्या खवल्यांसारखे रचलेले.
बर्फासाठी बांधलंय, मी म्हणाले.
पडला की खाली घसरावा म्हणून.
मौलाभाईंनी वर बघितलं. एप्रिल. बेचाळीस अंश.
"कवा पडणार हाय?"

कमानीवर गवंड्याचं नाव: यंकोबा बेलदार.
मुसूनं त्याला कागदावर एक फूल काढून दिलं असणार,
तीन पाकळ्यांचं, आपल्या राजाचं,
ज्या राजाचं डोकं तोवर उडालेलं होतं.
असलं फूल यंकोबानं कधी पाहिलेलं नाही.
म्हणून कमानीच्या माथ्यावर
मधली पाकळी झालीय ज्वारीचं कणीस,
दाणा न् दाणा मोजावा असं,
आणि बाजूच्या दोन, वाऱ्यानं वळलेली पानं.
मजुरी कापली की नाही, कागद सांगत नाही.
दगड उतरवला नाही, एवढं दिसतंय.

तोफांनंतर करोडगिरी नाका. मग सरकी.
मग गुरांचा दवाखाना: दिवाणखान्यात अजून लोखंडी खोडा आहे,
आणि ज्या कोनाड्यात मुसू लाकडं पेटवणार होता
तिथं लसींचा बंद पडलेला फ्रीज.
किल्लारीच्या त्या पहाटे पूर्वेची भिंत तडकली.
भेग तीन सूत. कोळ्यानं शिवून घेतलीय.

मौलाभाईंना मधेच काहीतरी आठवलं.
मागच्या फाल्गुनात गारा पडल्या,
आधी लिंबाएवढ्या, मग पेरूएवढ्या,
गावातले पत्रे चाळणी झाले,
तेव्हा ते वीस बकऱ्या घेऊन इथं शिरले होते.
"वर नुसता गडगडाट. आत थेंब नाई.
घसरून घसरून खाली ढीग झाला बगा,
कमरेएवढा, पांढराशिप्पत."
थांबले. टेप हातात तशीच.
"त्योच का बाई, बर्फ?"

शेवटचा रकाना: दर्शनी बाजू.
रस्ता दक्षिणेला. नियमानं रस्त्याची ती दर्शनी.
मी दक्षिण लिहिलं.
उत्तरेला एकोणीस पायऱ्या उतरतात
आणि संपतात तिथं नदी नाही.
वर धरण झाल्यापासून ती सरकत सरकत
वेड्या बाभळींच्या पलीकडं गेलीय.
हे अंतर फॉर्म विचारत नाही. तरी आम्ही मोजलं.
शंभर फुटी टेप, सात वेळा, वाळूत काड्या रोवत.
सातव्यांदा मौलाभाई बाभळींमागं दिसेनासे झाले,
मग टेप ताणली गेली
आणि पलीकडून आवाज आला, "लागलं!"

दक्षिण खोडलं. उत्तर लिहिलं.
खाडाखोडीवर सही लागते.
केली.